‘वाचनालयाच्या धुळीतून बाहेर या’ म्हणणाऱ्या वाचकास उत्तर

इंग्रजांनी १९३० साली सोलापुरात पुकारलेल्या मार्शल लॉवर, म्हणजे लष्करी कायद्याच्या अमलावर, लिहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी आधी वाचनालयात जाऊन त्या काळातील वृत्तपत्रांचे अंक पाहावेत, असे मी मागील लेखात सुचवले होते. त्यावर ‘एक सोलापूरकर’ या टोपणनावाने आलेली प्रतिक्रिया मी शांतपणे वाचली. निदान तसा प्रयत्न केला. तीत चार मुद्दे आहेत. वाचनालयांच्या वेळा नोकरदारांना जमत नाहीत, जुने अंक पाहायला कोणाची तरी ओळख लागते, मी स्वतः काढलेली टिपणे आजवर इंटरनेटवर ठेवलेली नाहीत, आणि शेवटी हे वाक्य: ‘जे गुगलवर सापडत नाही ते शोधण्याच्या लायकीचे नसते, सर, वाचनालयाच्या धुळीतून आता तरी बाहेर या.’

वेळांचा मुद्दा मला मान्य आहे. दुपारी बंद होणारे आणि सायंकाळी लवकर दिवे मालवणारे वाचनालय नोकरदाराच्या उपयोगाचे नाही, हे मी मोकळेपणाने कबूल करतो. मात्र शेवटच्या वाक्यातील ‘सर’ आदरापोटी आलेले नाही, हे उभा जन्म वर्गात शिकवण्यात घालवलेल्या माणसाला समजते. मतभेदाला माझी ना नाही. परंतु नाव लपवून दुसऱ्याच्या अभ्यासाला धूळ म्हणणे हा मतभेदाचा प्रकार नव्हे. असो.

आता त्या वाक्याकडे वळतो. गुगलसारखे शोधयंत्र पुस्तके वाचत नाही. त्याचा संगणक एका पानावरील दुव्यावरून दुसऱ्या पानावर जातो, तिथे सापडलेल्या शब्दांची भलीमोठी सूची तयार करतो, आणि आपण विचारलेला शब्द त्या सूचीत पाहतो. जे पान कोणी इंटरनेटवर चढवलेच नाही, किंवा चढवले तरी केवळ छायाचित्र म्हणून चढवले, त्यातील शब्द या सूचीत आपोआप येत नाहीत. छायाचित्रातील अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर करणारी प्रणाली आहे, हे मलाही ठाऊक आहे. तथापि छपाईचे झिजलेले खिळे, मागच्या पानावरून उमटलेली शाई, अरुंद रकाने आणि जोडाक्षरे यांच्यापुढे ती वारंवार अडखळते. तिने एखादे आडनाव चुकीचे वाचले की त्या नावाने शोधणाऱ्याला तो अंक अस्तित्वातच नाही असे वाटते.

हे केवळ जुन्या अंकांचे दुखणे आहे, असेही समजू नये. संगणकावर मराठी अक्षरजुळणी सुरू झाली ती शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी यांसारख्या फाँटमध्ये. त्यांतील मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण संगणकाच्या लेखी आत रोमन अक्षरे आणि चिन्हेच असतात. प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतःचा ठरावीक क्रमांक देणारे युनिकोड १९९१ साली आले तरी आपल्या छापखान्यांची सवय पुढे पुष्कळ वर्षे सुटली नाही. शहरातील एका अक्षरजुळणीच्या दुकानात बसून मी संस्थांच्या स्मरणिकांची मुद्रिते तपासली आहेत; त्यांच्या फाइली आज उघडल्या तर नुसता चिन्हांचा गोंधळ हाती येतो. छापील प्रत मात्र कपाटात आहे आणि ती कोणालाही वाचता येते. आपण जिला धूळ म्हणता, ती बहुधा याच प्रतीवर बसलेली असावी.

जे इंटरनेटवर आहे, तेही शोधणाऱ्याला आधीची माहिती असल्याशिवाय सापडत नाही. सोलापूर जिल्ह्याचे १८८४ सालचे गॅझेटियर मी घरबसल्या वाचतो आणि ते चढवणाऱ्यांचा ऋणी आहे. पण इंग्रजी कागदपत्रांत आपल्या गावाचे नाव ‘एस’पुढे ‘एच’ लावून ‘शोलापूर’ असे लिहिलेले असते, आणि या प्रकरणात फाशी गेलेल्या कुर्बान हुसेन यांचे नाव कुठे ‘के’ने तर कुठे ‘क्यू’ने सुरू होते. शोधाच्या चौकटीत यांपैकी काय टाइप करायचे, ते चौकट सांगत नाही. जुने कागद चाळलेला माणूस सांगतो.

मूळ लेखाचा विषयच घ्या. मे १९३० मध्ये सोलापूर इंग्रजांच्या हातून किती दिवस निसटले होते, असे इंटरनेटवर विचारून पाहावे. कुठे तीन दिवस सापडतील, कुठे चार. पुष्कळ पानांवर तीच वाक्ये त्याच क्रमाने आलेली दिसतील, कारण एकाने लिहिले आणि इतरांनी उचलले. शोधयंत्र दुवे, शब्दांचा मेळ आणि अशाच इतर खुणांवरून पाने वर-खाली लावते. कोणते विधान मूळ पुराव्याशी ताडून पाहिलेले आहे, याची शहानिशा ते करत नाही. ज्या मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली गेली, त्यांच्या गावात तरी ‘कुठेतरी वाचले होते’ एवढ्यावर भागू नये.

ओळख लागते या आपल्या तक्रारीविषयी एवढेच सांगतो की, माझे वडील गिरणीत कामाला होते. आमच्या घरात तेलुगू, गल्लीत कन्नड आणि शाळेत मराठी चालत असे. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की ते थेट वाचनालयात जाऊन वर्तमानपत्र वाचत, आणि त्यांना तिथे कोणी ओळख विचारली नाही. आपल्याला विचारली असेल, तर ती कोणत्या सुरात बोलल्यावर विचारली, हेही कळले असते तर बरे झाले असते. राहता राहिली माझी टिपणे. ती माझ्या अभ्यासाची आहेत, अपुरी आहेत, आणि ती कधी व कुठे ठेवायची हे मी ठरवीन. प्रस्तुत चर्चेशी त्यांचा संबंध नाही.

आपली प्रतिक्रिया मी काढून टाकलेली नाही व टाकणारही नाही. पुढच्या वेळी लिहाल तेव्हा तीन दिवस की चार, याचा आधार कोणत्या पत्राच्या कोणत्या तारखेच्या अंकात आहे तेवढे कळवावे. नुसता दुवा पाठवू नये.