लाचखोरांना मृत्युदंड दिला तरी काळा बाजार उठणार नाही

पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. त्यातले दावे चार. लाचखोराला चीनसारखा मृत्युदंड द्या, देश सुधारेल. 1991 नंतर उद्योगधंद्यांना मोकळीक दिली म्हणून घोटाळे माजले. वाईट गोष्टींवर सरसकट बंदी घाला, गुंडांची रसद तुटेल. आणि लाच देणारा हा घेणाऱ्याइतकाच चोर. चारही दावे चुकीचे आहेत, आणि चुकीच्या औषधाने रोग वाढतो म्हणून एकेक तपासून घेऊ.

आधी चीन. तिथे सप्टेंबर 2000 मध्ये संसदेच्या स्थायी समितीचे उपाध्यक्ष चेंग केजिए यांना लाचखोरीबद्दल मृत्युदंड दिला गेला. रक्कम होती सुमारे 4 कोटी युआन. जानेवारी 2021 मध्ये हुआरोंग या सरकारी वित्तसंस्थेचे माजी अध्यक्ष लाय शियाओमिन यांनाही तीच शिक्षा झाली. त्यांची रक्कम जवळपास 179 कोटी युआन. मधल्या दोन दशकांत शिक्षेची जरब कायम होती. पण कर्ज कुणाला द्यायचं, जमीन कुणाला द्यायची, हे ठरवणारी सही सरकारी माणसाच्याच हातात राहिली आणि त्या सहीमागचा पैसा वाढत गेला. शिक्षा कडक केली की जोखीम वाढते, आणि जोखीम वाढली की लाचेचा दर चढतो. मागणारा मागतोच, फक्त मधे एक एजंट जास्त उभा करतो.

आपल्याकडे 1988 च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात 2018 च्या दुरुस्तीनंतर किमान 3 आणि कमाल 7 वर्षं कैद आहे. घोडं अडतं ते पुराव्यावर. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या सापळ्यात नोटांना फिनॉल्फ्थॅलीन पावडर लावतात, घेणाऱ्याचे हात सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवले की पाणी गुलाबी होतं. पण गुलाबी पाण्याने एवढंच सिद्ध होतं की नोटा हाताळल्या. पैसे मागितले होते, हे वेगळं सिद्ध करावं लागतं. त्यासाठी आधी पंचांसमोर पडताळणी आणि रेकॉर्डिंग असतं. पंच उलटला किंवा आवाज अस्पष्ट निघाला की आरोपी सुटतो. कायद्यात मृत्युदंड लिहिल्याने यातलं काहीच बदलत नाही.

आता मोकळीक दिल्याने घोटाळे माजले, हा दावा. इथे जरा थांबायला हवं, कारण महाराष्ट्राइतका स्वच्छ पुरावा याविरुद्ध दुसरीकडे सापडणं कठीण. सिमेंटचा भाव आणि वाटप, दोन्ही एकेकाळी सरकारच्या हातात होतं. घर बांधायचं तर अर्ज, मग परमिट, मग मंजूर झाल्या तेवढ्या गोण्या. सरकारी भाव कमी, बाजारात मिळेल तो भाव कितीतरी जास्त, आणि मधला फरक ज्याची सही त्याच्या मुठीत. सिमेंटच्या वाटपाच्या बदल्यात मुख्यमंत्र्यांशी संबंधित ट्रस्टला देणग्या घेतल्याच्या प्रकरणात जानेवारी 1982 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. लेंटिन यांचा निकाल आला आणि मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांना राजीनामा द्यावा लागला. फौजदारी खटला पुढे कित्येक वर्षं रेंगाळला. मात्र 28 फेब्रुवारी 1982 ला सिमेंटवरचं नियंत्रण अंशतः उठलं, 1989 मध्ये पूर्ण उठलं, आणि सिमेंटच्या कोट्यासाठी मंत्रालयाचे जिने झिजवणं कायमचं संपलं. आज गल्लीतल्या दुकानात गोणी मिळते. ती विकणारा काही 1981 च्या व्यापाऱ्यापेक्षा जास्त सज्जन नाही. मागायला परवानगीच उरली नाही, एवढाच फरक.

आकुर्डीच्या बजाज स्कूटरचंही तेच. किती बनवायच्या ते लायसन्सने ठरायचं, म्हणून नंबर लागायला वर्षं जायची, आणि नंबर लागलेला माणूस ‘ऑन’, म्हणजे किमतीच्या वरचे पैसे, घेऊन गाडी दुसऱ्याला विकायचा. उत्पादन मोकळं झालं आणि ‘ऑन’ गेला.

मग टू-जी आणि कोळसा घोटाळ्यांचं काय? दोन्ही ठिकाणी वाटप सरकारच्या मर्जीवरच होतं. स्पेक्ट्रम, म्हणजे मोबाइलच्या लहरी, आधी येईल त्याला, कोळशाच्या खाणी छाननी समितीच्या शिफारशीने. सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये दूरसंचाराचे 122 परवाने आणि 2014 मध्ये दोनशेहून जास्त खाणवाटपं रद्द केली. म्हणजे घोटाळा झाला तो जिथे मोकळीक पोचलीच नव्हती तिथे. घरी फोन घ्यायला आज कुणाला वशिला लागत नाही, हेही दूरसंचार खात्यातलंच उदाहरण आहे.

बंदीने गुंडांची रसद तुटते, हा दावा तर अगदी उलटा आहे. सुवर्ण नियंत्रण कायदा 1968 ते 1990 चालला, आणि त्याच काळात मुंबईच्या किनाऱ्यावर सोन्याच्या तस्करीतून टोळ्या पोसल्या गेल्या. राज्यात गुटखाबंदी 2012 पासून आहे, विक्रेत्यांवर दहा वर्षांपर्यंत कैदेचं कलम लावलं जातं, तरी पुड्या टपरीच्या मागच्या डब्यात असतातच. गुटखा वाईटच. बंदीने तो थांबला नाही, फक्त त्याची पावती, कर आणि ग्राहकाची दाद मागायची जागा गेली.

पुण्याला सर्वांत महाग पडलेली बंदी मात्र जमिनीची आहे. तुकडेबंदी कायदा 1947 चा, शेतीचे फार बारीक तुकडे पडू नयेत म्हणून केलेला. शहर वाघोली-मांजरीपर्यंत पसरलं, कामगाराला हवा होता एक गुंठा, म्हणजे 1089 चौरस फूट, आणि त्याचं खरेदीखत होईना. म्हणून व्यवहार नोटरीवर, नाहीतर कुलमुखत्यारपत्रावर. किंवा अकरा जणांनी मिळून अकरा गुंठे सामाईक घ्यायचे: सातबाऱ्यावर अकरा नावं, जागेवर चुन्याच्या फक्क्या. पुढे वाद होतो तेव्हा कोर्टात दाखवायला स्वतंत्र हद्द नसते. मूळ मालकाचा वारस तोच तुकडा दुसऱ्याला विकतो, दिवाणी दाव्याला पिढी जाते, आणि ताबा ‘मिळवून देणारा’ माणूस नेमका इथे उभा राहतो. तो विकतो ते संरक्षण, जे पोलीस आणि न्यायालयाने द्यायला हवं होतं. मोक्का 1999 पासून आहे. त्याने टोळीतली माणसं आत जातात, पण गिऱ्हाईक बाहेरच राहतं आणि त्याला दुसरी टोळी भेटते. अखेर 2025 मध्ये सरकारलाच शहरी भागातली तुकडेबंदी सैल करायचा निर्णय घ्यावा लागला. हाच निर्णय वीस वर्षं आधी झाला असता तर कित्येक कुटुंबं ताबेगुंडांच्या दारात गेली नसती.

सरकारच नको, असं आमचं म्हणणं नाही. हद्द मोजून देणं, नोंद पक्की ठेवणं, फसवणाऱ्याला पकडणं आणि निकाल वेळेत देणं ही कामं सरकारचीच. परवाने वाटण्यात गुंतलेली माणसं तिकडे लावावीत.

राहिला शेवटचा दावा. नियम मोडून काम करून घ्यायला पाकीट देणारा गुन्हेगारच. पण हक्काची फेरफार नोंद, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावातला बदल, अडवून पैसे उकळले जातात तो माणूस पीडित आहे. कायदाही हा फरक मानतो: नाइलाजाने लाच द्यावी लागली तर सात दिवसांत कळवणाऱ्यावर गुन्हा नाही, आणि देण्याआधीच कळवून सापळ्याला मदत करणाऱ्यावरही नाही.

फेरफार अडला असेल तर क्रम असा ठेवा. दस्ताची प्रत आणि अर्जाची पोच जपून ठेवा. हितसंबंधितांना नोटीस गेल्यावर हरकतीसाठी 15 दिवस असतात. हरकत नसूनही मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करत नसतील तर 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली पहिलं अपील करा. दोषी अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. पैसे मागितले तर त्या क्षणी नकार देऊ नका आणि होकारही देऊ नका, वेळ मागून घ्या आणि लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या 1064 या क्रमांकावर फोन करा. सापळ्याची रक्कम बहुधा तक्रारदारालाच आणावी लागते. पडताळणीच्या वेळी रक्कम आणि काम या दोन्हींचा उच्चार समोरच्याच्या तोंडून येऊ द्या, आपण आकडा सुचवू नका.