अंगावर गांधी उठल्या म्हणून रक्त खराब होत नाही

पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक निरोप फिरतो आहे: “शाळेत घडीघडी अंगावर चट्टे उठणाऱ्या लेकराचं रक्त खराब असतं. कडुनिंब पाजा, पोषण आहार बंद करा, वेगळं बसवा आणि मेडिकलवरून ट्यूब आणून लावा.”

“रक्त खराब” या नावाचा आजारच नाही. खाजणारे, फुगलेले, जागा बदलणारे चट्टे बहुतेक वेळा गांधी असतात. त्वचेतल्या काही पेशी हिस्टामीन नावाचं रसायन सोडतात, बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं आणि कातडी फुगते. आपण त्याला पित्त म्हणतो, पण पोटातल्या आंबटपणाशी त्याचा संबंध नाही. सर्दी-तापाचा विषाणू, एखादं औषध, कीटकदंश, घाम, थंडी यांपैकी काहीही निमित्त होतं. पुष्कळदा कारण सापडतच नाही, तरी उपचार होतो. कडुनिंबाचा उपयोग नाहीच, आणि त्याचं तेल पोटात गेल्यानं लहान लेकरांना झटके येऊन जिवावर बेतलेलं आहे.

गुरुजींना एक सोपी तपासणी करता येते. चट्ट्याभोवती बॉलपेननं गोल काढा, वेळ लिहा, फोटो घ्या. 24 तासांच्या आत गोल रिकामा झाला, तर बहुधा गांधी. चट्टा तिथंच राहिला, तर वेगळं काही आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. सावळ्या अंगावर लाली नीट दिसत नाही, म्हणून बोट फिरवून फुगवटा पाहावा. चट्टा फिकट, न खाजणारा आणि बधिर असेल तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. त्याचं औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं.

आता पोषण आहार. अन्नाची ॲलर्जी बहुधा खाल्ल्यापासून काही मिनिटांत, फार तर दोन तासांत उठते. चट्टे प्रार्थनेच्या वेळीच दिसत असतील, तर दुपारच्या खिचडीवर किंवा अंड्यावर खापर फोडून काय उपयोग? एका वहीत पंधरा दिवस तारीख, वेळ, अंगावरची जागा, आधी काय खाल्लं, कुठं खेळला एवढं लिहा. पापण्या, मान आणि कोपराच्या खळग्यांत खाज असेल तर मैदानाकडेचं गाजर गवत पाहा. ते फुलोऱ्याआधी, हातमोजे घालून मोठ्यांनी उपटावं. श्रमदानात लेकरांकडून उपटून घेणं म्हणजे त्यांना ॲलर्जी वाटून देणंच. धुऱ्यावरून येताना खाजकुइली लागली असेल तर चोळू नका. चिकटपट्टीनं कुसं काढा, मग पाण्यानं धुवा.

वेगळं बसवण्याची सूचना सर्वांत वाईट. गांधी, इसब, घामोळ्या पसरत नाहीत. खरूज पसरते: बोटांच्या बेचक्यांत पुरळ, रात्री जास्त खाज, घरात आणखी कोणी खाजवणारं. तिला डॉक्टर बहुधा 5 टक्के परमेथ्रिन मलम देतात. रात्री मानेपासून तळपायापर्यंत, नखांखालीही लावायचं, 8 ते 12 तासांनी धुवायचं, आठवड्यानं पुन्हा. घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी, खाज नसली तरी. फसतं ते इथंच: एकटं लेकरू लावतं आणि दुसरे त्याला परत देतात. कपडे-गोधड्या गरम पाण्यात धुवा. धुता येत नसेल ते पिशवीत बांधून किमान तीन दिवस ठेवा. खाज पुढं दोन-चार आठवडे राहू शकते, तेवढ्यावरून औषध वाया गेलं असं समजू नका. लेकरू दुसऱ्या दिवशी शाळेत येऊ शकतं.

ट्यूबबद्दल थोडक्यात. मेडिकलवरच्या कित्येक मिश्र मलमांत स्टेरॉइड, म्हणजे खाज-सूज दाबणारं औषध असतं. नायट्यावर लावलं की खाज थांबते, बुरशी मात्र आतून पसरते आणि कडाच ओळखू येत नाहीत.

त्या निरोपात नसलेली एक गोष्ट: चट्ट्यांसोबत ओठ-जीभ सुजली, आवाज घोगरा झाला, दम लागला किंवा भोवळ आली, तर गोळीचा गुण येण्याची वाट न पाहता 108 लावा. लेकराला आडवं झोपवा, दम लागत असेल तर टेकून बसवा, चालवत नेऊ नका.