पितळ चमकलं, पण खूण पुसली

आज एका गावातलं छोटं प्रदर्शन पाहिलं आणि डोकं तडकलं. बॉम्बे सॅपर्समधून, म्हणजे लष्कराच्या अभियंता दलातून, निवृत्त झालेल्या एका सुभेदारांची ट्रंक नातवंडांनी मांडली होती. बेली पुलाची (सुटे पोलादी भाग जोडून उभारायचा पूल) निळी ब्लूप्रिंट, दिशा मोजायचा प्रिझमॅटिक कंपास, नटबोल्ट आवळायचे पाने, जुने फोटो. ब्लूप्रिंट लॅमिनेट केलेली आणि कंपास ब्रासो पॉलिशने आरशासारखा लखलखीत!

राजौरीच्या वाटेवरचे सुरुंग एप्रिल 1948 मध्ये काढणारे रामा राघोबा राणे याच सॅपर्सपैकी. मुंबईतल्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाचा पादचारी पूल 2018 मध्ये खुला झाला, तोही यांनीच बांधलेला. त्यांच्या वस्तू देवघरातल्या समईसारख्या घासायच्या?

ब्रासोत धातू खरवडणारी बारीक पूड असते. प्रत्येक घासणीला पितळेचा थर जातो, आणि त्याबरोबर ब्रिटिश लष्करी सामानावरची बाणाची खूण, अनुक्रमांक, वर्ष, अंशांच्या रेघांत भरलेला काळा रंग. या कंपासवरचं साल आता वाचताच येत नाही. तो कधीचा आणि कुणाला दिलेला, हे सांगणारा एकमेव पुरावा तोच होता. मऊ ब्रशने धूळ झटकायची, सुती फडक्याने पुसायचं, फार तर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात. बस्स. काळपटपणा राहू द्या.

आणि कृपा करून असा कंपास उघडू नका. दुसऱ्या महायुद्धातल्या अनेक कंपासांच्या तबकडीवर किरणोत्सारी रेडियमचा रंग आहे. तो आता अंधारात चमकत नाही म्हणजे निवला असं नाही. थकतं ते त्यातलं चमकणारं झिंक सल्फाइड. रेडियमचं अर्धायुष्य सुमारे 1600 वर्षं आहे. काच फुटली तर ती पूड श्वासातून आत जाते. बंद झिपच्या पिशवीत, चिठ्ठी लावून, मुलांपासून लांब ठेवा.

ब्लूप्रिंटचं तर जास्तच वाईट वाटलं. लॅमिनेशनमध्ये गरम चिकटा कागदाच्या तंतूंत शिरतो, तो पुन्हा निघत नाही. वाळवी आणि कसरीपासून कागद वाचला, हे मान्य. पण त्यासाठी दोन बाजूंनी उघडी पॉलिएस्टरची पिशवी पुरते. पीव्हीसीची नको, त्यातून आम्ल सुटतं. इथे चांगली माणसंही एक चूक करतात: जुन्या कागदांसाठी म्हणून अल्कधर्मी अ‍ॅसिड-फ्री कागद आणतात. ब्लूप्रिंटची निळाई अल्कलीत विरते. तिला बफर न केलेला, म्हणजे अल्कली न मिसळलेला, उदासीन कागदच हवा. उजेडाने उडालेला निळा रंग अंधारात ठेवल्यावर थोडा परततो, म्हणून भिंतीवर टांगणं बंद. घडी नाही. गुंडाळायचीच तर 4 इंच किंवा त्याहून जाड नळीवर, बाहेरून.

लोखंडी पान्यांवर ऑइलपेंट मारला होता. रंगाखाली गंज चालूच राहतो आणि एक दिवस पापुद्र्यासकट सगळं निघतं. कोकणातल्या, समुद्रावरून आलेल्या वस्तूत मीठ मुरलेलं असेल तर आणखी लवकर. सुटा गंज मऊ ब्रशने काढा, टॅनिक आम्लाचा हात द्या, वाळल्यावर मेण. बंद डब्यात रंग बदलणारं सिलिका जेल ठेवा आणि रंग बदलला की ते तापवून कोरडं करा. ही पायरी सगळे विसरतात.

आता जरा शांत झालो. त्या पोरांनी हे प्रेमानेच केलं, माझा राग त्यांच्यावर नाही. आजोबांचं नाव घेताना थोरल्या नातीचा गळा दाटून आला होता. तिला एवढंच सांगायचंय: लॅमिनेशन सोलू नकोस, इस्त्री फिरवू नकोस, कडा कापू नकोस. आहे तशीच अंधारात आडवी ठेव, आधी दोन्ही बाजूंचे फोटो काढ. कंपास पुन्हा घासू नकोस.

आणि ट्रंकेच्या झाकणावर पांढऱ्या रंगात आजोबांचा नंबर, हुद्दा, नाव अजून शाबूत आहे. उद्या तिला नवा रंग द्यायचा बेत आहे म्हणे. तो ब्रश आज रात्रीच लपवून ठेव.