सफानं एका रात्रीत काहीही केलेलं नाही

परवा बहिणीचा सांगलीहून फोन. "दादा, पोराच्या मोबाइलवर एक मेसेज आलाय, बीट, म्हणजे गाण्याखालचा ठेका, बनवायचा पंधरा दिवसांचा कोर्स. आज रात्रीपर्यंत भरले तर कमी पैसे म्हणतात. भरू का?"

मेसेज पाहिला. तो एव्हाना माझ्या सोसायटीच्या ग्रुपवरही येऊन गेला होता. त्यात म्हटलंय: ऑस्ट्रेलियाचा रॅपर आणि प्रोड्युसर सफा यानं आईच्या कॉम्प्युटरवर एका रात्रीत हिट गाणं केलं. शिक्षण नाही, स्टुडिओ नाही, कुणाची मदत नाही. जुन्या गाण्याचा तुकडा उचलला. 7 सेकंदांपर्यंत कुणी विचारत नाही. त्यावर तो करोडपती झाला. तुम्हीही होऊ शकता.

आईचा कॉम्प्युटर खरा आहे, एवढं कबूल करतो. सफा म्हणजे ॲडलेडचा मॅथ्यू लॅम्बर्ट, हिलटॉप हूड्स या हिप हॉप बँडचा. त्यांचा 2003 चा 'द कॉलिंग' हा अल्बम त्याच्या आईच्या कॉम्प्युटरवर रेकॉर्ड झाला. साधनं इतकी तुटपुंजी की त्यातला काही भाग मोनोच राहिला, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज.

पण एका रात्रीत? हूड्स जमले 1994 च्या सुमारास. 1997 मध्ये पहिली छोटी रेकॉर्ड, 1999 मध्ये पहिला अल्बम, 2001 मध्ये दुसरा. 'द कॉलिंग' तिसरा! आधीची नऊ वर्षं मेसेजवाल्यानं सरळ गिळली. ऑस्ट्रेलियात 35,000 प्रतींच्या विक्रीला 'गोल्ड' हा दर्जा मिळतो. तिथल्या हिप हॉपमध्ये तोवर कुणाला न मिळालेलं ते गोल्ड या अल्बमला मिळालं. नऊ वर्षं घासल्यावर.

एकटाही नव्हता तो. सोबत रॅपर प्रेशर आणि डीजे डेब्रिस. प्रेशर त्याला भेटला तोच मुळी शाळेत. पुढे 2007 मध्ये त्यांनी ॲडलेड सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबर अख्खा अल्बम नव्यानं बांधला. अशा वाद्यवृंदासमोर शिकल्याशिवाय उभं राहता येतं, हे कुणी मला सांगू नये.

आता ते 7 सेकंद. माझा खरा संताप इथं आहे, कारण भाच्यानं ते करूनही ठेवलंय. पलंगावर गोधडी डोक्यावरून घेऊन तो रेकॉर्डिंग करतो. त्यानं मला ऐकवलं: आजोबांच्या जुन्या तबकडीतली ढोलकी, चार ठेके, पुन्हा पुन्हा. बीट खरंच सुंदर आहे. "मामा, पाचच सेकंद आहेत, चालतं," म्हणाला.

नाही चालत रे. तुकडा इतक्या सेकंदांचा असला की तो फुकट, असं आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कुठंही लिहिलेलं नाही. शिवाय हक्क दोन ठिकाणी असतात: चाल आणि शब्द ज्यांचे त्यांचा एक, रेकॉर्डिंग ज्यांचं त्यांचा दुसरा. सफाच्या 'द नोजब्लीड सेक्शन' या गाण्यात मेलनी या गायिकेच्या जुन्या गाण्याचा तुकडा आहे हे खरं, पण त्यावरून सगळं मोकळं आहे असा अर्थ काढायचा?

त्याच ऑस्ट्रेलियातलं उदाहरण घ्या. मेन ॲट वर्क या बँडच्या 'डाउन अंडर'मध्ये बासरीची एक छोटी लकेर आहे. ती मॅरियन सिंक्लेअर या बाईंनी 1930 च्या दशकात रचलेल्या 'कुकाबुरा' या मुलांच्या गाण्याशी जुळते. रेकॉर्डिंग उचललेलंच नव्हतं, नुसती चाल! तरी 2010 मध्ये फेडरल कोर्टानं हक्कभंग ठरवला आणि 2002 पासूनच्या रॉयल्टीतले 5 टक्के द्यायला लावले. पुढच्या वर्षी अपीलही फेटाळलं गेलं. गाणं जवळपास तीस वर्षं जगभर वाजून झाल्यावर हे घडलं. पोरांना 7 सेकंदांचा मंत्र देणारा कोर्सवाला तेव्हा त्यांच्या बाजूला उभा राहणार आहे का?

करोडपतीच्या मुद्द्यावर वेळ घालवत नाही. एवढंच सांगतो, की हेच हूड्स दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या नवोदितांना अल्बम काढायला 10,000 डॉलरचं अनुदान मिळावं म्हणून तिथल्या कला खात्याबरोबर उभे राहिले. त्या पैशांतून रेकॉर्ड निघायची. आमच्याकडे आला तो मेसेज नवोदितांकडूनच पैसे मागतोय.

बहिणीला म्हटलं, एक रुपया भरू नकोस. भाच्याला म्हटलं, बीट पुसू नकोस, फक्त कुठं टाकू नकोस. तबकडीवरच्या लेबलचा स्वच्छ फोटो पाठव. रात्री आला. संगीतकाराच्या नावावर चहाचा डाग आहे, कंपनीचं नाव वाचता येतंय. परवानगी मागायला तिथून सुरुवात करतोय.