त्रिशुंड गणपती आणि तांबट आळी राहून गेली

पुण्यात कॅमेरा घेऊन कुठे फिरावं यावरचा एक लेख वाचला. त्यात शनिवारवाडा, पाताळेश्वर, मंडई सगळं आलं. पण सोमवार पेठेतला त्रिशुंड गणपती राहिला, याची खरंच चुटपुट लागली. अठराव्या शतकातलं, काळ्या पाषाणातलं हे देऊळ. गणपती तीन सोंडांचा, मोरावर बसलेला. दर्शनी भिंतीवर तर चक्क गेंडा कोरलाय, साखळदंडानं बांधलेला, आणि शेजारी बंदूकधारी शिपाई! ऊन तिरपं असताना जा. डोक्यावर ऊन आलं की काळ्या दगडातले बारकावे फोटोत उतरतच नाहीत, मी दोनदा परत गेले तेव्हा कुठे मनासारखा फोटो मिळाला.

तिथून कसबा पेठेतली तांबट आळी चालत जाण्याइतकी जवळ. हातोडीनं ठोकून तांब्याच्या भांड्यावर जे चकाकते ठसे उमटवतात, ते मठारकाम. आधी आवाज येतो, मग आळी दिसते. फक्त एक विनंती, फोटो काढण्याआधी कारागिरांना विचारा, थोडं थांबा, बोला. मला एका काकांनी ‘आधी चहा घ्या’ म्हणून बसवलं, आणि त्यांच्या हातांचा फोटो मी अजून जपून ठेवलाय.