आता काढलंच आहे तर...

मराठीतलं सर्वांत महागडं वाक्य चार शब्दांचं आहे: ‘आता काढलंच आहे तर...’ बाथरूममधला गळका नळ बदलायला प्लंबर येतो, भिंतीतल्या गंजलेल्या पाइपाकडे बोट दाखवतो आणि घरातलं कुणीतरी हे वाक्य उच्चारतं. पाइप काढलाच आहे तर टाइल्सही बदलू. टाइल्स काढल्याच आहेत तर मागे एक खोली वाढवू. खोली होतेच आहे तर वर मजला चढवू. सध्या नाशकात या वाक्याला जोडवाक्यही मिळालंय: ‘2027 ला सिंहस्थ आहे, पाहुणे येणार.’ पाहुणे चार दिवसांचे, कर्ज पंधरा वर्षांचं.

जुन्या नाशकातल्या सागवानी खांबांच्या वाड्यांची दुखणी वेगळी, त्यात मी हात घालत नाही. मी बोलतोय ते कॉलनीतल्या चाळीस-पन्नास वर्षांच्या बैठ्या घराबद्दल. नऊ इंची विटांच्या भिंती, वर स्लॅब, खाली मोझॅक टाइल्स आणि कॉलम एकही नाही. इथे भिंत हाच कॉलम. आणि घरात सगळ्यांत आधी एकमत कशावर होतं? ‘हॉल आणि स्वयंपाकघरामधली भिंत पाडू, मोकळं वाटेल.’ मोकळं तर वाटेलच, थेट आकाश दिसेल.

स्लॅबच्या मुख्य सळया खोलीच्या आखूड बाजूने टाकलेल्या असतात, त्यामुळे भार बहुतेक लांब भिंतींवर येतो. मधली भिंत तर दोन्हीकडचे स्लॅब उचलून धरते. ती काढायचीच असेल तर क्रम ठरलेला आहे. आधी भिंतीच्या दोन्ही बाजूंना दोन-तीन फुटांवर जॅक आणि वासे लावून स्लॅबला टेकू द्यायचा. मग फक्त वरचे थर काढून लोखंडी गर्डर आत सरकवायचा. त्याची दोन्ही टोकं निदान नऊ इंच तरी काँक्रीटच्या पॅडवर टेकली पाहिजेत. स्लॅब आणि गर्डरमधली फट सिमेंट-वाळूच्या घट्ट मालाने ठासून भरायची, ती कडक होऊ द्यायची आणि त्यानंतर खालच्या विटांना हात लावायचा. बिगारी मात्र खालून सुरुवात करतो, कारण घण तिथे पोचतो. गर्डर किती इंची घ्यायचा हा हिशेब इंजिनीअरचा, ‘आठ इंची बस्स’ म्हणणाऱ्या मिस्त्रीचा नाही.

परवानगीचं थोडक्यात. रंग, गिलावा, फरशी यांना लागत नाही. खोली वाढवली, मजला चढवला, भाराची भिंत हलवली की लागते. बांधकामाची राज्याची एकत्रित नियमावली 2020 पासून आहे, साइड मार्जिन, म्हणजे घर आणि कुंपण यांमधली मोकळी जागा, किती सोडायचं ते तीत लिहिलेलं आहे. शेजाऱ्याला ते तोंडपाठ असतं.

दहा फूट लांब, दहा फूट उंच, नऊ इंची भिंत म्हणजे पाऊण ब्रास बांधकाम (शंभर घनफुटांचा एक ब्रास). पाडल्यावर ते फुगतं आणि ब्रासभर राडारोडा होतो, म्हणजे जवळजवळ एक ट्रॅक्टर ट्रॉली. ‘एकच तर भिंत’ म्हणून दारात टाकलेला ढीग गल्लीतल्या प्रत्येक स्कूटरला वळसा घालायला लावतो. ट्रॉलीवाला ‘संध्याकाळी येतो’ म्हणतो, तारीख सांगत नाही.

आता मुख्य दुखणं: जुन्याचा आणि नव्याचा सांधा. जुनं घर गेली चाळीस वर्षं जमिनीत बसत-बसत एकदाचं स्थिरावलंय. नवी खोली पुढच्या दोन-तीन पावसाळ्यांत बसणार. त्यात नाशकात बऱ्याच ठिकाणी काळी माती. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात इतकी आक्रसते की भेगेत पट्टी उभी राहावी. म्हणून काम सुरू करण्याआधी जुन्या भिंतीलगत तीन बाय तीनचा खड्डा घेऊन जुना पाया किती खोल आहे आणि कशावर टेकलाय ते बघायचं. नवा पाया काळी माती ओलांडून मुरमापर्यंत न्यायचा. जुन्या भिंतीच्या कडेने सलग चर खोदायचा नाही. चार फूट खोदा, भरा, चार फूट सोडा, मग पुढचं. सलग चर खोदून रात्री पाऊस आला तर जुनी भिंत नवी खोली बघायला खाली उतरते.

एवढं करूनही सांध्यावर चीर येतेच. शहाणपण असं की दोन्ही घरं जबरदस्तीने जुळवायचीच नाहीत. मध्ये इंचभर फट ठेवायची, तीत थर्माकोल घालायचा आणि वर आतून-बाहेरून पट्टी मारायची. गच्चीवर मात्र याच फटीतून पाणी उतरतं, म्हणून तिथे लवचीक सीलंट, दोन्ही कडांना उंचवटा आणि वर झाकण हवं. मिस्त्रीला हे पटत नाही. तो जुन्या भिंतीला टाचे मारतो, सिमेंटचं पाणी शिंपडतो आणि नवा गिलावा जुन्यावर चढवून म्हणतो, ‘कळणार पण नाही कुठे जोड आहे.’ पहिल्या जूनमध्ये कळतं. चीर छतापासून फरशीपर्यंत इतकी सरळ येते की अख्ख्या घरात ओळंब्यात असलेली ती एकच रेघ ठरते.

कारण जुन्या घरात दुसरं काहीच ओळंब्यात नसतं. काटकोन बघायचा गुण्या लावला की कोपरा उघडा पडतो, आणि दहा फुटांच्या भिंतीला ओळंबा, म्हणजे वजन बांधलेली दोरी, सोडला की वर आणि खाली दीड इंचाचा फरक निघतो. मिस्त्री इंचात बोलत नाही, तो सुतात बोलतो. आठ सूत म्हणजे एक इंच. सळयाही त्याच भाषेत: 10 एमएमची तीन सुती, 12 ची चार सुती, 16 ची पाच सुती. ‘सूतभर फरक आहे’ असं तो म्हणाला की टेप आपण धरावा. आणि फरक कितीही निघाला तरी उत्तर एकच, ‘मालात काढून घेऊ.’ दीड इंच मालात निघत नाही. आतला गिलावा एका हाताला, म्हणजे एका थरात, अर्धा इंच, फार तर त्याहून एखादं सूत जास्त. त्यापुढे जाळी मारून दोन हातांत करावा लागतो, नाहीतर तो स्वतःच्याच वजनाने पोकळ होतो. टिचकी मारली की ढब ढब वाजतो.

जिन्याबद्दल बोलायला हवं, कारण नकाशात सगळे खोल्या मोजतात, जिना कुणी मोजत नाही. खोलीची उंची दहा फूट, वर पाच इंची स्लॅब, म्हणजे चढायचे 125 इंच. पायरी सात इंचांची धरली तर 18 पायऱ्या. पाय ठेवायला दहा इंच, म्हणजे सरळ जिन्याला 14 फूट लांबी. मध्ये वळवला तरी साडेसहा बाय दहाची जागा जाते. थोडक्यात, वर एक खोली मिळवण्यासाठी खालची एक लहान खोली द्यावी लागते. मग ‘पायऱ्या जरा उभ्या घेऊ’ अशी तडजोड निघते. ती आजींच्या गुडघ्यांना विचारून घेतलेली नसते.

स्लॅबचा दिवस म्हणजे घरातलं कार्य. शेजारच्या काकू कुंपणावरून विचारतात, ‘पडला का स्लॅब?’ या प्रश्नाला मराठीत अजून पर्याय निघालेला नाही. बारा बाय पंधराच्या खोलीला पाच इंची स्लॅब म्हणजे 75 घनफूट काँक्रीट. सिमेंट, वाळू, खडी एकास दीडास तीन या प्रमाणाने सिमेंटच्या 17 पिशव्या, खडी पाऊण ब्रासच्या आत, वाळू तिच्या निम्मी. पाणी पिशवीला 30 लिटर, त्याहून जास्त नाही. पण मिक्सरवरचा माणूस लिटर मोजत नाही. माल घमेल्यातून सळसळत खाली उतरला की त्याला बरं वाटतं. पाणी जितकं जास्त, तितकं काम सोपं आणि स्लॅब कच्चा. म्हणून घरातल्या सर्वांत खवट माणसाला खुर्ची देऊन मिक्सरपाशी बसवावं. मिसळ-पाव तिथेच पोचवावी. दुसऱ्या शहाण्या माणसाने वर जाऊन सळयांखाली कव्हरचे ठोकळे आहेत का ते बघावं. सळई शटरिंगला, म्हणजे खालच्या साच्याला, टेकली की दहा वर्षांत गंज, पोपडे आणि जेवणाच्या ताटात सिमेंट.

दुसऱ्या दिवसापासून मालाची आळी करून स्लॅबवर पाणी साठवायचं. सध्याच्या सिमेंटला दहा दिवस तरी हवंच. स्लॅब एप्रिल-मेमध्ये टाकला तर पाणीकपातीच्या दिवशी घरात आंघोळ कोण करणार, माणूस की स्लॅब, हा वाद होतो. डिसेंबरात पाणी टिकतं, पण नाशकाच्या थंडीत काँक्रीट ताकद सावकाश धरतं, म्हणून टेकू आठवडाभर जास्त ठेवावेत. सेंट्रिंगवाल्याला मात्र त्याच्या प्लेटा दुसऱ्या साइटवर कालच हव्या असतात.

आणि माणसं? पेठ-सुरगाण्याकडचे बिगारी होळीला गावी जातात. ‘आठ दिवसांत येतो’ म्हणतात आणि पंधराव्या दिवशी येतात. त्यांचा मोठा सण तो, त्यांनी जावंच. खानदेशी गवंडी चैत्रात वणीच्या गडावर पायी निघतो, त्यापाठोपाठ आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. जुलैत भाताची आवणी, म्हणजे लावणी. पितृपक्षात नवं काही सुरू करायला मालकच तयार नसतो. उरलेल्या दिवसांत लाइट जाते. दरम्यान बाथरूमची जागा कमरेएवढी खोदलेली असते; नाशकातली मुलं तिला रहाड, म्हणजे रंगपंचमीला रंगाचं पाणी भरून उड्या मारायचा हौद, म्हणतात आणि रंगपंचमीची वाट बघतात.

त्या रहाडीवरच सगळ्या घराची अब्रू असते. तिथलं वॉटरप्रूफिंग झालं की पाणी भरून तीन दिवस ठेवायचं आणि पातळीला पेन्सिलने खूण करायची. उतार नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे पाणी जायच्या जाळीकडे, दर फुटाला एक सूत. टाइल्स बसल्यावर बादलीभर पाणी ओतून बघा, ते हमखास दाराकडे धावतं. कारण टाइल्सवाल्याने उतार बघितला नाही, डिझाइन जुळवलं.

फरशीचंही तसंच. जुन्या मोझॅकवरच चिकटवली तर जमीन अर्धा-पाऊण इंच चढते, मालात बसवली तर दोन इंच. मग दारं घासून उघडतात, ती खालून कापावी लागतात आणि उंबरठा नाहीसा होतो. बाहेरच्या पायऱ्यांपैकी वरची एकच उंच होते. पाय सवयीने चढतो, त्यामुळे येणारा प्रत्येक पाहुणा तिथे ठेचकाळतो. दोन बाय दोनच्या टाइल्स दहा टक्के जास्त घ्याव्यात, तेही एकाच बॅचच्या, कारण नंतर आणलेला ‘सेम टु सेम’ डबा भिंतीला टेकवला की वेगळा दिसतो.

शेवटी जिन्याखाली साठा उरतो. सहा टाइल्स, वाकड्या चार सुतीचे तुकडे, चाळीसेक विटा, रंगाचा घट्ट झालेला डबा. आणि एक सिमेंटची पिशवी. ‘लागेल कधीतरी’ म्हणून ठेवलेली, पहिल्या पावसात दमट होऊन दगड झालेली. पन्नास किलोंची ती फेकायला दोन माणसं लागतात आणि एकाच वेळी दोन माणसं घरात मोकळी सापडत नाहीत. म्हणून पिशवीचा कागद सोलून काढतात आणि तिच्यावर तुळशीची कुंडी ठेवतात.