साधं व्हायरलच आहे, या की!

ताप आलाय? नाक गळतंय? कपाळ तव्यासारखं तापलंय आणि नेमकं आजच कुणाकडे तरी जेवायला बोलावलंय? मग घरी पडून काय राहता! एक क्रोसिन घ्या, झब्बा चढवा आणि निघा. दारातच मोठ्यांदा सांगून टाका, "काही नाही हो, साधं व्हायरलच आहे." एवढं म्हटलं की तुम्ही मोकळे. यजमानीणबाई फार तर गरम पाणी विचारतील.

मी अनुभवाने सांगतेय. गेल्या महिन्यात आमच्याकडे, कोथरूडला, भाचीचं केळवण होतं. पानं १८. माझा आतेभाऊ, म्हणजे दादा, चिंचवडहून अंगात ताप घेऊन आला. "पोरीचं केळवण, चुकवायचं कसं?" म्हणाला आणि ज्या मुठीत खोकला, त्याच मुठीत पुऱ्यांची टोपली धरली. नुसती धरली नाही, आग्रह केला. पुढे श्रीखंडाचा डावही त्याच्याच हातात. नाक पुसायचं, डाव धरायचा, "घे गं, एवढ्याने काय होतंय."

तेव्हा पहिली सूचना: आजारी असाल तर वाढायला घ्या. पानावर बसलात तर शेजारचे दोघेच सापडतात. वाढपी झालात की शेवटच्या पानापर्यंत पोचता येतं.

विषाणू बिचारा स्वतः काहीच करू शकत नाही हो. त्याला पाय नाहीत, तोंड नाही, पोट नाही. फ्लूचा एक कण साधारण १०० नॅनोमीटरचा. एका मिलिमीटरच्या ओळीत १०,००० बसतील. आत काय, तर एक चिठ्ठी: 'माझ्यासारखे आणखी करा.' फ्लूची ही चिठ्ठी आठ तुकड्यांत असते. भोवती प्रथिनं, त्यांवर चरबीचा पातळ पापुद्रा. संपलं. स्वयंपाकघर नाही, आचारी नाही, किराणा नाही. तो आपल्या पेशीत शिरतो आणि ती चिठ्ठी आपल्याच आचाऱ्याच्या हातात देतो. आचारी असा आज्ञाधारक, की चिठ्ठी कुणाची हे न बघता घाण्यावर घाणा काढत सुटतो. थोड्या तासांत त्या एका पेशीतून शेकड्यांनी नवे कण बाहेर, आणि पेशीचे बारा वाजलेले. अशा या निराधार जिवाला (जीव म्हणावं की नाही, यावर शास्त्रज्ञांचंही एकमत नाही) एका नाकातून दुसऱ्या नाकापर्यंत पोचवायचं पुण्यकर्म माणसालाच करावं लागतं. दादाने केलं.

दुसरी सूचना: हात धुवायचेच असतील तर नळाखाली नुसते ओले करा. साबणाने तो चरबीचा पापुद्रा फुटतो आणि फ्लूचा विषाणू निकामी होतो. उगाच पाप.

तिसरी: नागीण उठली तर डॉक्टरकडे जाऊ नका. तिची दोन टोकं एकमेकांना भिडतायत का, ते आरशात बघत बसा. लहानपणच्या कांजिण्यांचाच विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी वर्षानुवर्षं दबून बसतो आणि म्हातारपणी डोकं वर काढतो, त्यावर पहिल्या तीन दिवसांत औषध सुरू केलेलं बरं, वगैरे कुणी सांगू लागलं तर विषय बदला.

चौथी: पावसाळ्यात ताप आला आणि अंग मोडून निघालं, तर डब्यात सापडेल ती दुखण्याची गोळी घ्या. डेंग्यूत अ‍ॅस्पिरिन आणि आयब्युप्रोफेनने रक्तस्रावाचा धोका वाढतो, पण पपईच्या पानांचा रस आहे ना.

आता अँटिबायोटिक. हे जरा सविस्तर सांगते.

कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जा आणि "व्हायरलचं काहीतरी द्या" म्हणा. काउंटरवरचा मुलगा मोबाइलवरची नजर न हलवता मागच्या खणात हात घालतो आणि अ‍ॅझिथ्रोमायसिनची तीन गोळ्यांची पट्टी पुढे टाकतो. पट्टीवर एक उभी लाल रेघ असते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये, अशी ती खूण. आपण तिला नक्षी समजतो.

पेनिसिलिन काय करतं? जिवाणूची भिंत पाडतं. अ‍ॅझिथ्रोमायसिन काय करतं? जिवाणूच्या आचाऱ्याचे हात बांधतं. विषाणूला भिंत नाही, आणि आचारी तर तो आपलाच वापरतोय, ज्याला हे औषध हात लावत नाही. म्हणजे ज्याचं घरच नाही, त्याच्या घरावर जप्ती घेऊन निघालेला बेलिफ! तो रिकाम्या हाताने थोडाच परत जाणार? जाता जाता आतड्यातल्या निरुपद्रवी, उपयोगाच्या जिवाणूंना झोडपतो. त्यातून जे वाचतात ते निर्ढावतात, आणि पुढे खरोखर न्यूमोनिया झाला की हीच गोळी थंड पडते. बरं, ताप चौथ्या-पाचव्या दिवशी बहुधा उतरणारच असतो, कारण शरीर आपलं काम करत असतं. तो तापही शरीरानेच चढवलेला असतो. पण कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते आणि गोळीचा जयजयकार होतो. मग ती गोळी सोसायटीभर फिरते, गावच्या मावशीला जाते, उरलेली एक फ्रिजच्या दारात पुढच्या वेळेसाठी राहते. डॉक्टरांनी दिली नाही तर "या डॉक्टरला काही कळत नाही, नुसतं पॅरासिटामॉल आणि आराम म्हणतो, तीनशे रुपये कशाचे?" आरामाचे, बाबा, आरामाचे! तेवढंच एक औषध आपल्याला परवडत नाही.

विषाणूमागोमाग कधी जिवाणूही घुसतात, तेव्हा अँटिबायोटिक लागतं. ते तपासून ठरवायचं असतं. मेडिकलच्या काउंटरवर नाही.

केळवणानंतर तिसऱ्या दिवशी दादाने मला व्हॉट्सअ‍ॅपवर त्या पट्टीचा फोटो पाठवला. "मी हीच घेतली. दोन दिवसांत खडखडीत. मामांनाही दे." मामा म्हणजे माझे बाबा. वय ७९.

आणि मी दिली.

तोवर १८ पैकी सात जण आडवे झाले होते. भाचीचा आवाज बसला होता, पण तिच्या आवाजाचं सोडा. बाबांना रोज एक अशा तीन गोळ्या दिल्या आणि गुण यायची वाट बघत बसले. फ्लूवर विषाणूविरोधी औषध आहे. ते पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर सगळ्यात चांगलं लागू पडतं. आमचे ७२ गेले. चौथ्या दिवशी पहाटे बाबा "पाणी" म्हणाले आणि "दे" म्हणायला श्वास उरला नाही. बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन ८६.

नऊ दिवस दवाखान्यात. तपासणीत इन्फ्लुएंझा ए, म्हणजे फ्लूच. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात कुणी आजारी होतं का?" त्यांनी हेही विचारलं, "फ्लूची लस?" ती वर्षातून एकदा घ्यायची असते, कारण विषाणू दरवर्षी अंगरखा बदलून येतो. आम्ही दिवाळीनंतर बघू म्हणून ठेवली होती.

आता सूचना कितवी ते मला माहीत नाही आणि मोजायचीही नाही. सरळच बोलते.

आपण पुण्यात राहतो. डॉ. आंबेडकर रस्त्यावर १९५२ पासून विषाणूंवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. पाषाणच्या तिच्या प्रयोगशाळेत धोकादायक विषाणूंवर काम करणारे लोक डोक्यापासून पायापर्यंत बंद पोशाखात, नळीतून येणाऱ्या हवेवर श्वास घेत उभे असतात. तिथून चार-पाच मैलांवर आपण शेंबडाच्या हाताने श्रीखंड वाढतो. २००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी याच शहरात घेतला. नायडू रुग्णालयासमोरच्या रांगा विसरलात? तोंडाला रुमाल बांधून फिरणारं सगळं पुणं विसरलात? तो विषाणू कुठे गेलेला नाही. त्याचेच वंशज हंगामाहंगामाला येतात, आणि आपण त्यांना 'साधं व्हायरल' म्हणतो. २०२० मध्ये दुधाच्या पिशव्या साबणाने धुणारी माणसं आपण! आणि आता मास्क लावलेला कुणी दिसला की "काय, अजून करोनात का?" म्हणून हसतो.

तुमच्यासाठी साधं असेल. तुमचं वय ४५, छाती धडधाकट, दोन दिवसांत खडखडीत. समोरच्या पानावर कोण बसलंय ते बघितलं होतं का? ताप होता तर यायचं नव्हतं. एक फोन करायचा होता, आम्ही डबा पाठवला असता. तुमच्या वाचून केळवण अडलं नसतं. आणि आम्हीसुद्धा! १७ जणांतल्या एकानेही त्याच्या हातातली टोपली काढून घेतली नाही, मीही नाही. वाईट दिसलं असतं म्हणे.

बाबा घरी आले आहेत. फुप्फुसांच्या व्यायामाचं ते तीन गोळ्यांचं प्लॅस्टिकचं यंत्र त्यांच्या उशाशी आहे. नळी तोंडात धरून ओढतात. पहिला गोळा वर जातो, दुसरा नुसता थरथरतो.

काल दादाचा फोन आला. "रविवारी मामांना बघायला येतो. जरा घसा खवखवतोय, पण येतोच."

मी म्हटलं, "दादा, येऊ नकोस."

त्याला राग आलाय. राग येऊ दे.